जैसलमेर : पाणी मोजणारे गाव

"तिकडं पाऊसच न्हाई म्हनतीस, मग मान्सं ऱ्हात्यात कशाला?"

जैसलमेरच्या सहलीसाठी पिशवी भरत असताना आजीने हा प्रश्न विचारला आणि माझे हात थांबले. प्रश्न साधा होता, पण त्याच्या मागे आमच्या घराचा सारा इतिहास उभा होता. माझी आजी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची. १९७२ च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती, माती वाहत होती आणि तिथे मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढत होती. पुढे पाणीही संपले आणि धीरही संपला. तेव्हा आजोबा आणि ती मुंबईला आली आणि घाटकोपरच्या डोंगरावर त्यांनी पत्र्याची खोली बांधली. आम्ही आजही त्याच डोंगरावर राहतो. खोली आता विटांची आहे, पण पाणी अजून खालच्या नळावरून पहाटे आणावे लागते. ज्या बाईला पाण्यापायी गाव सोडावे लागले, तिने वाळवंटाविषयी दुसरे काय विचारावे? मी म्हणाले, "बघून येते आणि सांगते."

हा लेख म्हणजे आजीला द्यायच्या त्या उत्तराची तयारी आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे प्रवासवर्णनाचे शास्त्र मला अवगत नाही. जे पाहिले, जे बाईंनी समजावून दिले आणि जे नंतर ग्रंथालयात बसून वाचले, ते माझ्यापरीने मांडत आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भूगोल विभागाने ही सहल काढली. चौतीस विद्यार्थी आणि दोन प्राध्यापक. एक रात्र जैसलमेर शहरातील धर्मशाळेत आणि दोन रात्री सम येथील वाळूच्या टेकड्यांजवळ तंबूत, असा बेत होता. पैशांचा प्रश्न होताच. आईने भिशीचे पैसे उचलले आणि उरलेली रक्कम हप्त्याने भरण्याची सवलत बाईंनी दिली. वडील रखवालदारीच्या रात्रपाळीहून येऊन थेट बोरिवली स्टेशनवर मला पोचवायला आले. आमच्या घरातील मुलगी नातेवाईकांच्या लग्नाखेरीज दुसऱ्या कारणासाठी मुंबईबाहेर जाण्याची ती पहिलीच वेळ.

बोरिवलीहून आम्ही सूर्यनगरी एक्सप्रेस धरली. रात्र गाडीत गेली आणि सकाळी जोधपूर आले. तेथे गाडी बदलून आणखी सुमारे ३०० किलोमीटर पश्चिमेला जायचे होते. फलोदी, रामदेवरा, पोखरण अशी स्टेशने मागे पडत गेली. पोखरण हे नाव १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे पाठ्यपुस्तकात वाचलेले. खिडकीतून पाहिले तर साधे, शांत, धुळीचे स्टेशन. झाडे विरळ होत गेली. उरली ती बहुधा खेजडीची. बाईंनी सांगितले, "खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच." ओळखीचे कोणीतरी परमुलखात भेटावे तसे वाटले.

या भागात पाऊस का पडत नाही, हे बाईंनी गाडीतच समजावले. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे अरवली पर्वताला समांतर निघून जातात. त्यांना अडवून वर चढवील असा आडवा डोंगर तेथे नाही. बंगालच्या उपसागरावरून येणारी शाखा सारा उत्तर भारत ओलांडून येथे पोचेपर्यंत जवळजवळ रिकामी झालेली असते. शिवाय वरच्या थरांतील कोरडी हवा खाली उतरत असल्यामुळे ढगांना वाढायला वाव मिळत नाही. परिणाम असा, की जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस होत नाही.

आता आपल्याकडचे आकडे पाहा. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे जैसलमेरला पाच वर्षांत जेवढा पाऊस मिळतो, तेवढा आपल्या उपनगरांवर एका दिवसात कोसळला. आणि माझ्या आजीचा माण तालुका? सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे साडेचारशे-पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या दृष्टीने तो दुष्काळी मुलूख, पण जैसलमेरच्या दुपटीहून अधिक पाऊस तेथे पडतो! हा हिशेब वहीत मांडला, तेव्हा आजीचा प्रश्न मला अधिकच टोचू लागला. दुप्पट पाऊस असून आम्ही गाव सोडले आणि निम्म्या पावसात हे लोक साडेआठशे वर्षांहून अधिक काळ कसे राहिले?

दुपार कलताना जैसलमेर दिसू लागले. सपाट माळावर एक टेकडी आणि तिच्यावर मधाच्या रंगाचा किल्ला. या टेकडीला त्रिकूट म्हणतात. भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल याने ११५६ मध्ये लोद्रवा येथील जुनी राजधानी सोडून येथे किल्ला बांधायला घेतला. त्याच्या तटाला ९९ बुरूज आहेत. सत्यजित राय यांनी आपल्या कादंबरीवर १९७४ मध्ये 'सोनार केल्ला' हा बंगाली चित्रपट काढला, त्यानंतर बंगाली प्रवाशांची येथे रीघ लागली. २०१३ मध्ये युनेस्कोने राजस्थानच्या ज्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हा एक. आपल्या रायगड, शिवनेरी आदी बारा किल्ल्यांनाही २०२५ मध्ये तोच मान मिळाला. मात्र मोठा फरक असा, की आपले बहुतेक किल्ले आज ओस आहेत आणि जैसलमेरच्या किल्ल्यात आजही काही हजार माणसे नांदत आहेत. गडावर दुकाने आहेत, देवळे आहेत, दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत. एका दारात एक आजीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. किल्ल्यात असे घरगुती दृश्य मी प्रथमच पाहिले.

हा पिवळा दगड म्हणजे चुनखडक. आश्चर्य म्हणजे तो समुद्रात तयार झाला आहे. ज्युरासिक काळात, म्हणजे पंधरा-अठरा कोटी वर्षांपूर्वी, या भागावर उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या थरांचा हा खडक. शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवर अकल येथे त्या काळातील झाडांची खोडे दगड होऊन पडलेली आहेत. त्या खोडांवर हात ठेवताना मला अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आठवली. तिचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तोही ज्वालामुखीच्या लाव्हाचा. म्हणजे ज्या वाळवंटाला आपण कोरडे समजतो ते समुद्रातून आले आणि समुद्रकाठी असलेली आपली मुंबई अग्नीतून आली. हा चुनखडक खाणीतून निघताना तुलनेने मऊ आणि कोरायला सोपा असतो. म्हणून तेथील कारागिरांनी त्याची जाळी विणावी तशी विणली.

ही कला पाहायची तर हवेल्या पाहाव्यात. पटव्यांच्या पाच हवेल्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीपासून एका व्यापारी घराण्याने बांधल्या. नथमलची हवेली १८८५ ची. तिचा डावा भाग एका कारागीर भावाने आणि उजवा दुसऱ्याने घडवला, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी तंतोतंत जुळत नाहीत. गच्च भरलेल्या त्या नक्षीला उपयोगही आहे. जाळीतून वारा खेळतो, ऊन मात्र तुकड्या-तुकड्यांनी आत येते. पुढे आलेले सज्जे खालच्या भिंतीवर सावली धरतात. गल्ल्या अरुंद असल्यामुळे समोरासमोरची घरे एकमेकांना सावली देतात. आमच्या डोंगरावरच्या गल्ल्याही अरुंदच. पण त्या जागेअभावी अरुंद झाल्या, सावलीच्या विचाराने नव्हे.

एवढा पैसा या वाळवंटात आला कोठून? उंटांच्या तांड्यांतून. सिंधकडे आणि तेथून पुढे जाणारा व्यापारी मार्ग जैसलमेरवरून जात असे आणि त्यावरील जकात व व्यापार यांवर शहर पोसले जाई. पुढे इंग्रजी अमलात समुद्रमार्गे व्यापार वाढला, मुंबई बंदर भरभराटले आणि तांड्यांचे मार्ग ओसाड पडू लागले. १९४७ च्या फाळणीने सिंधची वाटच बंद झाली. हे ऐकताना मी थोडी ओशाळले. ज्या मुंबईने माझ्या आजीआजोबांना पोट भरायला जागा दिली, तिनेच या शहराचे पोट हिरावून घेण्यास हातभार लावला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पाणी!

शहराच्या आग्नेयेस गडीसर नावाचा तलाव आहे. रावळ जैसलच्या काळापासून येथे पाणी साठवीत आणि चौदाव्या शतकात, १३६७ च्या सुमारास, महारावळ घडसी याने तो मोठा करून बांधला, म्हणून घडसीसर अथवा गडीसर. काम चालू असताना घडसीचा याच तलावाच्या पाळीवर घात झाला आणि राणी विमलाने सती न जाता आधी तलाव पुरा करवला, अशी हकिगत सांगतात. तलावातील गाळ काढण्यासाठी सारे गाव एकत्र जमे, त्या श्रमाला 'ल्हास' म्हणत. राजापासून रंकापर्यंत सगळे त्यात उतरत. शतकानुशतके साऱ्या शहराचे पिणे या एका तलावावर चालले. काठावर एक सुंदर कमान आहे. ती तिलोन नावाच्या नर्तकीने बांधली, अशी दंतकथा आहे. राजस्त्रियांना तिच्या कमानीखालून जाणे नको होते, ती पाडली जाणार होती, म्हणून तिने वर कृष्णाचे मंदिर बसवून टाकले. देवळाला कोण हात लावणार? ही कथा ऐकून आम्हा मुलींना फार आनंद झाला.

तेथील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे जे पाणी तलावात, टाक्यात डोळ्यांना दिसते ते 'पालर' पाणी. जमिनीच्या पोटात खोलवर असलेले, बहुधा खारे, ते 'पाताळ' पाणी. आणि या दोहोंमधले ते 'रेजाणी' पाणी. वाळूत मुरलेला पाऊस काही ठिकाणी फार खाली जात नाही, कारण खाली जिप्समचा अथवा खडियाचा थर आडवा येतो. तो ओलावा खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तेथे अरुंद विहीर खणली, की वाळूतील ओल थेंबाथेंबाने झिरपून दिवसभरात काही घागरी गोडे पाणी साठते. या विहिरींना कुई किंवा बेरी म्हणतात. हाच थर शाप कसा होऊ शकतो तेही दिसले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा कवास गावी पाणी कित्येक महिने तुंबून राहिले, कारण ते खाली मुरेना.

हे सारे ज्यांनी हिंदीत इतक्या आपुलकीने लिहून ठेवले, ते अनुपम मिश्र जन्माने आपल्या वर्ध्याचे. 'आज भी खरे हैं तालाब' हे त्यांचे पुस्तक १९९३ चे आणि 'राजस्थान की रजत बूँदें' १९९५ चे. पुस्तकाचे हक्क त्यांनी राखून ठेवले नाहीत, कोणीही छापावे म्हणून मोकळे सोडले. पाण्यावर लिहिणाऱ्याने पाण्यासारखेच वागावे, तसे हे झाले. आमच्या ग्रंथालयात पहिल्या पुस्तकाची एक प्रत आहे, जरूर वाचावी.

मला सर्वांत नवल वाटले ते खडीनचे. पालीवाल ब्राह्मण हे या भागातले कुशल शेतकरी. त्यांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास ही पद्धत रुजवली असे मानतात. खडकाळ उतारावर पडलेला पाऊस वाहत खाली येतो. उताराच्या पायथ्याशी, जेथे चिकण माती साचलेली असते, तेथे मातीचा लांब बांध घालायचा. पावसाळ्यात बांधाच्या आत तळे साचते. हिवाळा येईतो ते आटते, पण माती ओलीचिंब राहते. त्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरायचा. पुन्हा पाणी देणे नाही! युक्ती अशी, की शेत जेवढे, त्याच्या दहा-पंधरा पट उतारावरचे पाणी त्या एका शेतात गोळा होते. म्हणजे पावसाचा तुटवडा जमिनीच्या विस्ताराने भरून काढायचा. आम्ही ज्या खडीनच्या बांधावर उभे होतो, तेथे गुडघाभर हरभरा होता आणि सभोवार नजर पोचेल तेथवर माळ.

हे चित्र पाहून मी मनात निष्कर्ष काढून टाकला, की बघा, शहाणे लोक वाळवंटातही राहतात! पण त्याच दिवशी आम्ही कुलधरा पाहिले. पालीवालांच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी हे एक. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात ती गावे ओस पडली. दिवाण सालमसिंहाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत सारे निघून गेले, ही लोककथा. अभ्यासक वाढता सारा, आटत गेलेल्या विहिरी, भूकंप अशी कारणे देतात. कारण कोणतेही असो, ज्यांनी खडीन बांधले त्यांनाही गाव सोडावे लागले. त्या रिकाम्या घरांच्या ओळींतून चालताना माझा निष्कर्ष गळून पडला. गाव सोडणारी माणसे अडाणी किंवा आळशी असतात, हे खरे नव्हे. शिवाय दुसरीही एक गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जैसलमेर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला फक्त १७ माणसे राहतात. पाणी थोडे, तशी माणसेही थोडी, आणि त्यांचा भर शेतीपेक्षा गाई-मेंढ्यांवर. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला तरच जमतो.

संध्याकाळी आम्ही समला पोचलो. शहरापासून हे ठिकाण पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटर. तंबू उभारताना पहिला धडा मिळाला. कोरड्या वाळूत खुंटी टिकत नाही, ओढली की लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर येते. आमच्याबरोबरच्या उंटवाल्या काकांनी पोत्यांत वाळू भरून घेतली, दोर त्यांना बांधले आणि पोती खड्ड्यात पुरली. मग तंबू हलेना. दार वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवले. अंथरुणाखाली जाड सतरंज्या घालायला लावल्या, कारण "थंडी अंगावरून नाही, अंगाखालून चढते."

दिवसा स्वेटर नकोसा होत होता आणि रात्री दोन पांघरुणे पुरेनात. असे का होते? दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे फेकत असते. मुंबईच्या हवेत समुद्राची वाफ भरलेली असते. ती वाफ ही उष्णता शोषते आणि काही भाग परत खाली पाठवते, म्हणून आपल्याकडे रात्र उबदार. वाळवंटात ना वाफ ना ढग, उष्णता सरळ निघून जाते. त्यातून वाळू लवकर तापते आणि लवकर निवते, पण उष्णता खोलवर नेत नाही. रात्री वाळूत कोपरापर्यंत हात खुपसून पाहा. वरची वाळू बर्फासारखी आणि आतली कोमट. आकाश मात्र या कोरड्या हवेमुळे असे स्वच्छ होते, की मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध एका दृष्टीत दिसले. घाटकोपरला दिव्यांच्या उजेडात मला जेमतेम व्याध ओळखता येतो.

शिबिरात कामांची वाटणी झाली, तेव्हा पाण्याचे काम माझ्याकडे आले. दोनशे लिटरची दोन पिंपे, रोज दुपारी टँकर येणार. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तो एक पिंप रिकामे! रात्री कोणीतरी केस धुतले होते आणि नळ पुरता बंद केला नव्हता. उरलेले सारे पाणी वाळूने पिऊन टाकले होते, जमिनीवर नुसता एक काळसर डाग. दुसऱ्या पिंपात सुमारे साठ लिटर. माणसे छत्तीस. टँकर दुपारखेरीज येणार नाही.

सगळे घाबरले. मला मात्र घाबरायला वेळ नव्हता, कारण हे गणित मी लहानपणापासून करीत आले आहे. प्रत्येकी एक लिटर पिण्यासाठी म्हणजे छत्तीस लिटर. चहा आणि खिचडीला पंधरा. उरले नऊ, ते हात-तोंडासाठी, तांब्याने मोजून. आंघोळ बंद. भांडी वाळूने घासायची. काकांनी दाखवले, कोरड्या वाळूने ताट घासले की तेलकटपणा सुटतो आणि फडक्याने पुसले की लख्ख. गावी आजी राखेने घासते, तसेच. बारा वाजता टँकर आला, तेव्हा पिंपात तळाशी दीड-दोन लिटर पाणी शिल्लक होते.

माझ्या एका मैत्रिणीने विचारले, "तुला हे इतकं अचूक कसं जमलं गं?" ती मुलुंडला मोठ्या इमारतीत राहते. मी दोन वर्षांत एकाही मैत्रिणीला घरी नेलेले नाही. पायऱ्या, पहाटेचा नळ, दाराशी रांगेत लावलेले हंडे हे सारे मी लपवीत आले. त्या दिवशी वाळूत ताट घासत असताना मी तिला सांगितले, "आमच्याकडे पाच माणसांना रोज सात हंडे आणि दोन कळश्या. त्यात सगळं." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "एकदा येऊ का घरी?" ती आली. आजीने तिला पाण्याचा तांब्या भरून दिला आणि तिने त्यातला एक थेंबही टाकला नाही.

या सहलीत सगळेच गोड होते असे नाही. समच्या टेकड्यांवर रात्री कर्ण्यांचा गोंगाट, जीपगाड्यांची शर्यत आणि वाळूत रुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. आमच्याही गटाने काही बाटल्या टाकल्या होत्या, त्या आम्ही शेवटच्या दिवशी वेचल्या. याच परिसरात १९८० मध्ये घोषित झालेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथे माळढोक पक्षी राहतो. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले, पण आज जगात उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेर जिल्ह्यातच आहेत आणि त्यांची संख्या दीडशेच्या आत आहे. विजेच्या तारांवर आदळून ते मरतात. त्याच्या शांततेच्या उंबरठ्यावर आपण कर्णे वाजवतो, याची लाज वाटली.

आणि सर्वांत विलक्षण गोष्ट शेवटी सांगते. वाळवंटातल्या या किल्ल्याला आज भीती आहे ती पाण्याची! सतलज आणि बियास यांच्या संगमावरील हरिके येथून निघणाऱ्या कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. त्याला आता इंदिरा गांधी कालवा म्हणतात आणि साडेसहाशे किलोमीटर लांबीचा हा कालवा १९८०-९० च्या दशकात जैसलमेर जिल्ह्यात पोचला. नळ आले. बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले, ही केवढी मोठी गोष्ट, ते माझ्याइतके कोण जाणणार? पण किल्ल्यातील घरे कोरड्या हवेसाठी बांधलेली होती. छपरावर मातीचा थर, भिंती दगडात दगड गुंतवून रचलेल्या, सांडपाणी असे ते थोडेसेच. नळ, मोऱ्या आणि प्रवाशांसाठी निघालेली न्हाणीघरे यांचे पाणी टेकडीच्या पोटात झिरपू लागले, पाया भुसभुशीत झाला, काही बुरूज ढासळले. १९९६ मध्ये जागतिक पातळीवरील एका यादीत हा किल्ला धोक्यातील वास्तू म्हणून नोंदला गेला. पुढे दुरुस्तीची आणि गटारांची कामे झाली, पण काळजी संपलेली नाही. यातून मी एवढेच शिकले, की पाणी आणणे हे अर्धे काम. ते कोठे जाणार, याचा हिशेब हे उरलेले अर्धे.

परत आल्यावर मी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांना मुद्दाम गेले. शाळेच्या सहलीत पाहिली होती, पण तेव्हा मूर्तीच पाहिल्या. या वेळी लेण्यांलगत कोरलेली पाण्याची टाकी पाहिली. दोन हजार वर्षांपूर्वीपासून भिक्षूंनी कातळात पन्हळी कोरून पावसाचे पाणी या टाक्यांत वळवले. म्हणजे भरपूर पावसाच्या मुलखातही जुन्या माणसांनी पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांचा विचार केला होता. आम्ही त्याच उपनगरात छपरावरचा पाऊस गटारात सोडतो आणि पहाटे नळापाशी रांग लावतो.

मग एका रात्री आजीपाशी बसून सारे सांगितले. गडीसर, ल्हास, रेजाणी पाणी. खडीनचे सांगताना मी वहीत चित्र काढले : हा उतार, हा बांध, हे पाणी. आजी बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ह्ये तर आमच्या तळ्यावानीच हाय की."

"कुठलं तळं?"

"दुस्काळात बांधल्यालं. पाझर तलाव. म्या सा म्हैनं माती वाहिली त्येची. तुजा बा पोटात हुता."

हे आजीने मला आजवर कधी सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते. मी विचारले, "मग भरलं का ते?"

"भरलं आसंल. आमी पाऊस पडायच्या आदीच निगालो."

आजीला मी उत्तर घेऊन आले होते. वाळवंटात माणसे राहतात, कारण ती प्रत्येक थेंब मोजतात, सगळ्यांनी मिळून साठवतात आणि जेवढे आहे तेवढ्यातच संसार मांडतात. पण आजीचे ऐकल्यावर कळले, की तिनेही हेच केले होते. फक्त तिने बांधलेल्या पाळीमागे पाणी साचेपर्यंत उपाशीपोटी थांबणे तिला शक्य नव्हते. माण तालुक्यातील गावांनी अलीकडे श्रमदानाने पुष्कळ कामे केली आहेत. २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत तेथील टाकेवाडी गावाने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. ती बातमी वाचून दाखवली, तेव्हा आजी म्हणाली, "मानसं तीच हायत. येळ आली म्हंजी समदं व्हतं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीला घेऊन मी तिच्या गावी जाणार आहे. मे महिन्यात तळ्यात पाणी असेल असे नाही. पण पाळ असेल, आणि त्या पाळीत आजीने वाहिलेली माती असेल. जैसलमेरला गेले नसते, तर ती पाहायला जाण्याचे मला सुचलेच नसते.